मंडल्याचं पाणी

दोष बापूसाहेबांचा होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे तुम्हाला हसू येईल आणि हसता हसता तुम्ही तो दोष लढाईवर, उन्हाळ्यावर, नाहीतर माझ्यावर ढकलून मोकळे व्हाल. आमच्या जबलपूरच्या चेरीताल मोहल्ल्यातल्या वडीलधाऱ्यांनी तेच केलं.

मी फिरकीचा तांब्या बोलतोय. पितळेचा, आतून कल्हईचा, दीड शेर पाण्याचा. माझं अंग बाजारातल्या तांबटानं ठोकलं. गळ्याचे आटे मात्र गणपत टर्नरनं तोफगाड्यांच्या सरकारी कारखान्यातल्या लेथवर काढले, तेही लढाईचं काम बाजूला सारून. साल बेचाळीस. तिकडे ब्रह्मदेश पडत होता आणि इकडे गणपत माझं झाकण नीट बसतं का ते बघत होता. बापूसाहेब त्याच कारखान्यात लाकूड खात्याचे हेडक्लार्क. त्यांना नाही म्हणायची गणपतची छाती नव्हती. झाकण असं बसलं की पाण्याचा थेंब सोडा, आतला वासही बाहेर यायचा नाही.

बापूसाहेब बाहेरचं काही खात-पीत नसत. ही त्यांची सगळ्या जबलपुरात ख्याती. प्रवासात घरच्या दशम्या आणि माझ्यातलं घरचं पाणी. मला घरात त्यांच्या बायकोनं, अनसूयाबाईंनी, भरायचं, तेही न्हाऊन झाल्यावर. गाडीत विनयनं उचलायचं, तेही कडीला धरून, पोटाला हात न लावता. मी म्हणजे त्यांचं सोवळं होतो, कडी लावलेलं.

विनय त्यांचा पुतण्या. आईबाप लहानपणीच गेले, काकूनं वाढवला. बेचाळीसच्या चळवळीच्या गडबडीत त्यानं कॉलेज सोडलं आणि पुन्हा तिकडे फिरकला नाही. पण हाताला लाकूड कळायचं. ओतकामासाठी लाकडाचे साचे करतात त्या पॅटर्न शॉपमध्ये त्याला शिरायचं होतं. दुसरं काही नको होतं पोराला. अडचण एकच. लढाईच्या दिवसांत कॉलेज सोडलेल्या मुलाला कारखान्यात घ्यायचं तर कुणा जुन्या नोकरानं जबाबदारीची चिठ्ठी द्यावी लागे.

"देईन चिठ्ठी," बापूसाहेब म्हणाले. "आधी तीन-चार दौरे माझ्यासोबत कर. माणूस कसा आहे ते प्रवासात कळतं."

हे मात्र खरं निघालं.

पहिला दौरा मंडल्याचा, सागाचे ओंडके बघायला. हाऊबाग स्टेशनातून छोटी लाईन. चांगला कोळसा लढाईला गेलेला, इंजिन ओल्या लाकडावर खोकत चाललेलं. वैशाखाचं ऊन. दहीभात बरगीलाच आंबला, दशम्यांना तार सुटली. घनसौरला इंजिन बसलं ते बसलंच. गार्ड म्हणाला, चार घंटे.

स्टेशनाबाहेर मोहाच्या झाडाखाली नर्मदा नावाची एक म्हातारी गोवऱ्यांच्या विस्तवात गक्कड भाजत होती. गक्कड म्हणजे कणकेचे जाड गोळे. बाजूला राखेत वांगी. भाजलं वांगं तिनं हातानं सोललं, लसूण, हिरवी मिरची, कच्चं तेल घालून चोळलं, की झाला भर्ता.

"काका, उतरता का? गरम आहे."

"बाहेरचं? मी? काहून असं बोलून राहिला तू? कॉलेजसोबत लाजही सोडली का रे?"

विनय उतरला आणि खायला बसला. भर्त्याचा वास खिडकीपाशी आला आणि तिथंच थांबला.

"विनय," आतून हाक आली. "वांगं भाजलं कशावर?"

"गोवऱ्यांवर."

"गाईच्या?"

"हो."

"अच्छा. मग त्यात दोष नाही. आणि कणीक?"

विनयनं म्हातारीला विचारलं. ती म्हणाली, "पानी में सानी है भैया, और काहे में सानेंगे?"

"दुधात मळली म्हणते, काका."

दुधात मळलेलं सोवळ्याला चालतं, म्हणून पोरानं त्यांची भूक बघून खोटं सांगितलं. बापूसाहेबांना हिंदी माझ्यापेक्षा बरी कळायची. तरी त्यांनी हे ऐकलं आणि उतरले.

ओंडका तपासतात तसा पहिला गक्कड त्यांनी तपासला. नखानं टोचला, वास घेतला, बोटानं वाजवला. पुढचे सहा तपासणीशिवाय पास झाले. तुपात बुडवून खाल्ले, बोटं चाटली, आणि ज्या आवाजात ऑफिसात कारकुनांना झापत त्याच आवाजात म्हणाले, "और भर्ता लाओ!"

मग म्हातारीनं पळसाच्या पानाच्या द्रोणात काहीतरी पुढे केलं.

"ये क्या है?"

"महुआ है, बाबूजी. पहली धार का."

"दवा होती है ना?"

"जिसको जो होय."

"काका..." विनय म्हणाला.

"खोकल्यासाठी घेतोय रे."

"तुम्हाला खोकला कुठं आहे?"

"होऊ नये म्हणून."

मोहाच्या दारूचे तीन द्रोण झाले. मग माझ्यातलं घरचं पाणी झाडाच्या बुंध्याशी गेलं आणि हुकूम आला, "भर." विनयनं भरलं.

आता माझंही सांगतो. तोवर मी फक्त पाणी पाहिलं होतं, त्यात सांगण्यासारखं काही नसतं. मोह आत आला आणि मला कळलं की मला पोट आहे. आधी सुकलेल्या फुलांचा जड गोडवा, मागून धूर, आणि मग कल्हईला हलकासा चटका. उत्तम चीज. तिथल्या मातीची, तिथल्या हातांची. तिच्यात लाजण्यासारखं काहीएक नव्हतं. लाज बापूसाहेबांनी घरून आणली होती, डब्यात घालून.

त्यानंतर लढाईला लाकूड फारच लागायला लागलं. महिन्याचा दौरा पंधरवड्यावर आला. नैनपूरला कुणाच्या कढईतली खोव्याची जिलेबी आतपर्यंत तळलेली असते, मंडल्यात चिरोंजीची, म्हणजे चारोळीची, बर्फी कुठल्या घरी मिळते, पावसाळ्यात पिहरी, म्हणजे रानातल्या छत्र्या, कुणाकडे मसाल्याशिवाय शिजवतात, कुटकीच्या भातावर कुठली भाजी हवी, सगळं त्यांना पाठ. त्यांची जीभ अस्सल होती, हे कबूल केलं पाहिजे. असा जाणता खाणारा सरळ चार माणसांत बोलला असता तर अर्ध्या गावाला शहाणं करून गेला असता. विनयला तर त्यांचा खरोखर अभिमान वाटायला लागला होता. द्रोण हातात घेऊन ते म्हणायचे, "विनय, ही घनसौरची. मंडल्याची हिच्यापुढे पाणी." तेव्हा त्याला वाटे, हेच काका चेरीतालात का नसतात?

चेरीतालात दुसरे काका होते. घरी परतले की डोक्यावर पाणी घेत, आणि शेजारच्या बंडूनं हॉटेलात मुगाचे मंगोडे खाल्ले म्हणून त्याच्या बापाला ऐकवून येत. तिथल्या मराठी मंडळात त्यांनी 'प्रवासातील आहारशुद्धी' यावर व्याख्यान दिलं. टेबलावर नमुना म्हणून मला ठेवलं होतं. मी काठोकाठ भरलेला होतो, पाण्यानं नव्हे. टाळ्या पडल्या.

अनसूयाबाईंना सांगितलं होतं की माझ्यात मंडल्याचं नर्मदाजल आहे. नर्मदा घरापासून दोन कोसांवर ग्वारीघाटाला वाहते. पण, "तिथलं वरचं असतं, ताजं असतं," म्हणे. त्यामुळे माझी जागा देवघरातल्या फळीवर. संध्याकाळी बापूसाहेब दार लोटून आचमन करत. बरीच आचमनं करत.

"काका, चिठ्ठीचं काय झालं?" विनय विचारी.

"होईल. तू फक्त तोंड सांभाळ."

त्यानं दीड वर्ष तोंड सांभाळलं.

मग बापूसाहेबांना बढती मिळाली आणि घरी सत्यनारायण ठरला. पॅटर्न शॉपची भरती ज्यांच्या हातात होती ते भाऊराव सहकुटुंब येणार होते. चिठ्ठी सही होऊन बापूसाहेबांच्या कोटाच्या खिशात होती. पूजा झाली, तीर्थप्रसाद झाला की ती भाऊरावांच्या हातात द्यायची. विनयनं आदल्या दिवशीच शर्टाला इस्त्री केली. त्यानं केलेला साच्याचा एक लहान नमुना दाखवायला म्हणून कोनाड्यात पुसून ठेवला होता.

माणसं अपेक्षेपेक्षा जास्त आली. तीर्थासाठी आणलेलं ग्वारीघाटाचं पाणी संपलं. अनसूयाबाई सोवळ्यात होत्या, म्हणजे मला हात लावायला मोकळ्या. कथेचा चौथा अध्याय चालला होता. यजमानानं मधे उठायचं नाही, बोलायचं नाही. बापूसाहेबांनी पाटावरून बघितलं की बायकोनं मला फळीवरून काढलं, फिरकी उघडली आणि तीर्थाच्या भांड्यात उपडं केलं. त्यांनी जोरजोरात मान हलवली. बाईंना वाटलं, सगळं ओता म्हणताहेत. त्यांनी सगळं ओतलं.

तुळस, कापूर, उदबत्त्या. वास त्यात बुडाला.

भाऊरावांनी पहिली पळी घेतली. थांबले. ओला हात डोक्याला पुसला आणि पुन्हा पुढे केला.

"मंडल्याच्या पाण्यात जोर आहे हो, बापूसाहेब!"

शेजारच्या पेन्शनर आजोबांनीही दोनदा हात केला. त्यांच्या मागच्यांनी तीनदा. सगळ्यांना कळलं होतं. ही वडीलधाऱ्यांची जात अशी, गिळताना एकमेकांकडे बघत नाही.

शेवटी उरलेलं अनसूयाबाईंनी स्वतः घेतलं. त्यांना जोराचा ठसका लागला.

"अहो, हे पाणी नाही! अगंबाई, हे तर..."

मग सगळ्यांना एकदम मळमळायला लागलं. तीन-तीन पळ्या घेतलेल्यांना आधी.

बापूसाहेब पाटावरून उठले आणि त्यांनी बोट दाखवलं. "विनय! माझा तांब्या प्रवासात हाच भरतो. विचारा त्याला!"

"भरला मीच," विनय म्हणाला. "भर म्हणून कोण म्हणालं, काका? घनसौरला द्रोणावर द्रोण कोण घेत होतं? सांगा ना!"

"बघा! बघा, भाऊराव! कॉलेज सोडलेली पोरं! घरात ठेवलं, खाऊ घातलं, आणि देवाच्या तांब्यात दारू!"

विनयनं काकूकडे बघितलं. त्याला फक्त तिनं बोलायला हवं होतं. तिला ठाऊक होतं. आता या क्षणी तरी नक्की कळलं होतं, कारण दौऱ्याहून आलेला कोट तीच धुवायची आणि दीड वर्ष तो वास तिच्या नाकात होता. तिचे ओठ हलले. मग तिनं पदर सारखा केला, खाली वाकली आणि तीर्थाचं भांडं उचलून आत गेली.

भाऊरावांनी मिशा पुसल्या. "अशा मुलाला साच्याच्या कामावर ठेवणं बरं नाही, बापूसाहेब. जोखमीचं काम आहे. लढाई चालू आहे."

बापूसाहेबांनी कोटातून चिठ्ठी काढली आणि सगळ्यांसमोर फाडली. लोकांना ते फार करारी वाटलं. विनय नेसत्या कपड्यांनिशी बाहेर पडला. कोनाड्यातला साचा न्यायचंही त्याला सुचलं नाही.

मग माझी शुद्धी झाली. भटजी म्हणाले, धातू विस्तवावर शुद्ध होतो. पुतण्याला तशी सोय नाही. मला निखाऱ्यांत लोटलं, आणि बुडाचा डाख दिलेला सांधा उघडला. तेव्हापासून मी गळतो. अंगणाच्या कोपऱ्यात पालथा पडलोय, आणि बापूसाहेब नव्या तांब्यासह दौऱ्यावर जातात. गणपतनंच केला तोही. आटे माझ्याहून पक्के आहेत.

तुम्ही प्रवासाला निघाल तेव्हा माझ्यासारख्याला घरी ठेवा, एवढंच मागणं. स्टेशनावर उतरा. म्हातारीकडे खा, आवडलं तर प्या, आणि परत आल्यावर काय खाल्लं, काय प्यालं ते चार लोकांत तोंडानं सांगा. सांगायची हिंमत नसेल तर खाऊ नका, कारण तुमच्या न सांगितलेल्या घासाची किंमत दुसराच कुणीतरी भरतो.

विनयची पॅटर्न शॉपमधली जागा गेली. घर गेलं. काकू जिवंत असून गेली.