बाटली अस्सल होती

त्या रविवारी इमारतीच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. एरवी पाण्याच्या टाकीसाठी सभा बोलावली तर सेक्रेटरी आणि त्यांची बायको एवढेच येतात. पण त्या दिवशी समोर पांढरा कोट घातलेला एक माणूस उभा होता आणि टेबलावर काचेच्या ग्लासात स्वच्छ पाणी होतं.

"मंडळी, हा ग्लास नाही, हे तुमचं शरीर आहे," कोटवाला म्हणाला.

त्याने पाण्यात कसलेसे थेंब टाकले आणि पाणी तपकिरी झालं. हा शरीरावर चढलेला गंज, म्हणे. लोखंडाला चढतो तसाच रक्ताला, सांध्यांना, डोळ्यांना चढतो. स्वभावालाही चढतो का, ते सांगायचं तेवढं राहिलं. मग त्याने 'अँटिऑक्सिडंट'ची एक कॅप्सूल उघडली, आतली पूड ग्लासात टाकली, चमचा फिरवला, आणि पाणी लख्ख झालं. लोक माना उंचावून पाहू लागले. गुडघेदुखीचे आजोबा तर टाळ्या वाजवायला उभेच राहिले.

तरी एकही खिसा उघडला नाही. सगळ्यांच्या माना वळल्या त्या भिंगकाकांकडे.

भिंगकाकांची सारी हयात बाटल्यांच्या कारखान्यात तपासनीस म्हणून गेली होती. खिशात भिंग घेतल्याशिवाय ते भाजी आणायलाही जात नसत. इमारतीत कुणी नवा मिक्सर आणला तरी आधी काकांना दाखवायचा, असा रिवाजच पडला होता. काका सावकाश पुढे गेले. सील पाहिलं, अखंड. झाकणाचे आटे चोख. तारीख छापलेली, वरून चिकटवलेली नाही. काचेत बुडबुडा नाही.

"माल अस्सल आहे," त्यांनी निकाल दिला, आणि लोक टेबलावर तुटून पडले. शिवाय बाटली महाग होती, त्यामुळे ती चांगलीच असणार याविषयी कुणाला शंका उरली नाही.

आता खरं सांगायचं तर कारखान्यात बाटलीत काय भरतात आणि त्याने कुणाचं काय होतं, हे बघणं काकांच्या खात्यात येतच नसे. त्यासाठी पुढे दुसरं खातं होतं. सभागृहात ते दुसरं खातं नव्हतं, आणि एवढी साधी गोष्ट काकांच्या ध्यानात आली नाही. निकाल देण्याच्या गोडीपुढे अक्कल पाणी भरते, असं ते नंतर स्वतःच म्हणत.

काकूंना काचबिंदू होता. डोळ्यातला दाब वाढू नये म्हणून त्या रोज झोपताना डोळ्यांत थेंब घालत. थेंब झोंबायचे. कोटवाल्याने त्यांना सांगितलं की थेंब म्हणजे वरवरची मलमपट्टी, आतला गंज गेला की दाब आपोआप उतरेल. काकूंनी घरी येऊन नवऱ्याला विचारलं, "मग थेंब बंद करू का?"

"मी स्वतः तपासलीय बाटली," काका म्हणाले. "डोळे झाकून घे."

काकूंनी थेंब बंद केले. डोळे झोंबायचे थांबले, तेव्हा गुण आला असंच दोघांना वाटलं. थेंबच नाहीत तर झोंबणार काय, हा विचार दोघांच्याही डोक्यात आला नाही.

दोनेक महिन्यांनी काकूंची धाकटी बहीण राहायला आली. ती शाळेत विज्ञान शिकवायची, आणि तिच्या जिभेला काका मनातून जरा वचकून असत. जेवताना काकूंचा हात डावीकडच्या तांब्याला लागला आणि तांब्या लवंडला. थोड्या वेळाने वाटीही. बहिणीने थेंबांची चौकशी केली. "बंद केले," म्हणत काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं. मग काकांनी ग्लासाचा चमत्कार अगदी रंगवून सांगितला.

मेहुणी वाद घालत बसली नाही. औषधांच्या डब्यातून तिने जखमेवर लावायचं आयोडिन काढलं आणि दोन थेंब पाण्यात टाकले. पाणी तपकिरी झालं.

"हाच ना तुमचा गंज?"

"अगदी हाच," काका म्हणाले.

तिने त्यात लिंबू पिळलं. पाणी स्वच्छ झालं. काकांचा हात सवयीने भिंगाकडे गेला, पण बघायचं काय तेच त्यांना कळेना.

"कॅप्सूलमध्ये क जीवनसत्त्व आहे, लिंबातही आहे. त्याने आयोडिनचा रंग जातो," ती म्हणाली. "आयोडिन कुठेही जात नाही. बघा हं आता." तिने जखम धुवायचं हायड्रोजन पेरॉक्साइड त्याच ग्लासात ओतलं. क्षणभर काहीच झालं नाही. काकांना बरं वाटू लागलं होतं, तेवढ्यात पाणी पिवळसर झालं आणि बघता बघता पुन्हा तपकिरी.

"पण बाटली अस्सल होती गं," काका पुटपुटले.

"असेल ना. माल खरा आहे, भावोजी. पण ग्लासातला रंग गेला म्हणून ताईच्या डोळ्यातला दाब उतरतो, हे कुणी मोजून पाहिलंय? तुम्ही पाहिलंत?"

दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांनी दाब मोजला. तो फार चढला होता. थेंब पुन्हा सुरू झाले आणि दाब आटोक्यात आला. पण डाव्या डोळ्याची कडेची नजर गेली होती, आणि काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. घरी आल्यावर काकू एवढंच म्हणाल्या, "तुमच्या शब्दावर घेतलं होतं मी." यापेक्षा त्यांनी भांडी आपटली असती तर काकांना सोसलं असतं.

पुढच्या महिन्यात कोटवाला पुन्हा आला. थेंब, गंज, कॅप्सूल, सगळं झालं आणि माना पुन्हा काकांकडे वळल्या. काका पुढे गेले, पण बाटलीला हात लावला नाही. त्यांनी खिशातून पेरॉक्साइड काढून त्या लख्ख पाण्यात ओतलं. कोटवाला हसत म्हणाला, "काका, शरीरात असलं काही कुणी ओततं का?"

"नाही ओतत," काका म्हणाले. "आयोडिनही नाही ओतत."

पाणी तपकिरी होऊ लागलं तसा कोटवाला बॅग आवरू लागला.

"मंडळी, मागच्या वेळी मी झाकण तपासलं, काच तपासली, आणि स्वतःला शहाणा समजलो," काका म्हणाले. "बाटलीला काही झालेलं नाही. माझ्या बायकोची डाव्या बाजूची नजर गेली. तेव्हा यापुढे मला काही विचारू नका. विकणाऱ्याला विचारा: याने काय होतं, ते कुणावर पाहिलं, कसं मोजलं, आणि ज्यांनी घेतलं नाही त्यांचं काय झालं? आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय चालू औषध बंद करू नका. मी सांगितलं तरी करू नका."

गुडघेदुखीचे आजोबा म्हणाले की त्यांना तर त्या गोळ्यांनी बरंच वाटतंय. कुणी हसलं नाही. काकू दारापाशी बसल्या होत्या. काका तिथवर गेले आणि त्यांच्या डाव्या अंगाला उभे राहिले. त्या बाजूचं काकूंना दिसत नव्हतं, म्हणून काकांनी आधी "मी आहे" म्हटलं आणि मग त्यांचा हात धरला.