वरच्या ओळी नसलेली पाटी

मित्रांनो, मी एका रंगाऱ्याच्या घरातली जुनी लाकडी पाटी आहे. माझ्या अंगावर पवित्र शास्त्रातले, म्हणजे बायबलमधले, एकच वचन आहे : 'जो मला सामर्थ्य देतो त्याच्यामुळे मी सर्व काही करू शकतो.'

माझा मालक दुकानांच्या पाट्या रंगवत असे. रस्त्यापलीकडून वाचता यावे म्हणून नाव ठसठशीत काढायचे आणि बाकीचे गाळायचे, ही त्याच्या हाताची सवय. लग्नानंतर मला रंगवतानाही त्याने तेच केले. शास्त्रात या वचनाच्या वर काय लिहिले आहे ते त्याने पाहिलेच नाही. बायको हसून म्हणाली, "अहो, एवढी मोठी अक्षरं? देवाला काय चष्मा लागलाय?"

पुष्कळ वर्षे माझे कौतुक झाले. मुलगी परीक्षेला निघाली की मला हात लावून जाई. पाहुणे म्हणत, हे वाचले की बळ येते. मीही फुगून गेले.

मग मालकिणीला दुखणे जडले. तिचा पलंग माझ्या बरोबर समोर आणला. डॉक्टरांनी मालकाला बाजूला घेऊन सांगितले, आता औषध फक्त वेदनेपुरते. ते त्याने कुणालाच सांगितले नाही. घरी येऊन माझ्याकडे बोट दाखवले.

"मोठ्याने वाच आणि ऊठ."

ती वाचे आणि उठे. दारापर्यंत जाई, घामाने भिजून परत येई. नणंद भेटायला आली की म्हणे, "वहिनी, तुम्ही मनापासून म्हणत नाही. मनापासून म्हटलं की होतं बघा."

नणंद गेली की मालकीण उशीत तोंड खुपसून रडे. दुखण्यामुळे नव्हे, तर आपलाच विश्वास कमी पडतो या लाजेने. मित्रांनो, मला तोंड असते तर मी ओरडले असते.

एका सकाळी ती दाराशी कोसळली. मालकाने तिला उचलून पलंगावर ठेवले आणि तरीही म्हणाला, "पुन्हा एकदा. जमेल तुला."

"आधी ते शास्त्र द्या इकडे." तिने पान काढले आणि बोट माझ्या ओळीच्या बरेच वर ठेवले. "ऐका. हे लिहिणारा पौल तुरुंगात आहे. तो म्हणतो, पोट भरलेलं असताना कसं राहायचं ते मी शिकलो, उपाशी कसं राहायचं तेही शिकलो. त्याच्यानंतर तुमची ओळ येते. तो कुठं उठून पळाला? तिथंच होता की, बेड्यांत."

"म्हणजे तू हार मानलीस?"

"मी दमलेय हो. दमलं तर चालतं की नाही, तेवढं सांगा."

मालक म्हणाला, "मी एकटा काय करू गं?"

"ते मलाही माहीत नाही. पण मला आता उठवू नका."

तो माझ्याकडे पाठ करून पलंगावर टेकला. "पड," तो म्हणाला. "पड तू. मी आहे इथं."

त्यानंतर त्याने तिला एकदाही उठवले नाही. ओठ ओले करायचा, पाय चेपायचा. वेदना थांबल्या नाहीत. उशीत तोंड खुपसून रडणे मात्र थांबले. थोड्याच दिवसांत ती गेली.

आता लोक माझ्याकडे बोट करून त्याला म्हणतात, "भाऊ, भिंतीवर काय लिहिलंय बघा. उठा, कामाला लागा." त्याच्याने घास गिळवत नाही. ब्रश वाळून कडक झाले आहेत. परवा नणंद आली. तिनेही बोट उचलले.

"दादा, हे वाच ना..."

"बोट खाली घे," तो म्हणाला, "आणि बस जरा माझ्याजवळ."

ती बसली. मग दोघांनाही रडू आवरेना.

मित्रांनो, शास्त्रातली एखादी ओळ उचलाल तेव्हा तिच्या वरच्या ओळीही वाचा. ज्याने ती लिहिली तो कुठे होता, कशात होता, ते पाहा. आणि खचलेल्या माणसाला ती दाखवण्याआधी त्याच्याजवळ थोडे बसा. तेवढे होणार नसेल, तर मला भिंतीवरून उतरवा आणि जाळून टाका. हात जोडून सांगितले असते, पण मला हात नाहीत.