काय सांडलं?

"काय सांडलं?" शर्टाची बाही दिव्याखाली ताणून धरत तिने विचारलं.

"काही नाही हो. असाच पडला डाग," सलूनवाले काका म्हणाले.

"डाग असाच पडत नाही, काका. आभाळातून तर मुळीच नाही."

काकांनी इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच कॉफी कबूल केली. मग कुठे तिने शर्ट ठेवून घेतला. तिच्या लाँड्रीचा हा शिरस्ताच होता. शाईला एक औषध, तेलाला दुसरं. चुकीचं लावलं तर डाग जन्माचा बसतो. म्हणून आधी कबुली, मग धुलाई. भल्याभल्यांची तिच्यापुढे बोबडी वळायची, आणि खरं सांगायचं तर तिला त्यात मजाही यायची.

घरात मात्र एक डाग तिला दाद देत नव्हता. तिच्या लेकीला सगळे बटण म्हणत. लहानपणी तिने गिऱ्हाइकाच्या कोटाचं बटण गिळलं होतं, तेव्हापासून. पंधरावं लागलं आणि बटणाच्या गालांवर, कपाळावर मुरुमांनी ठाण मांडलं. आईने तिलाही दिव्याखाली उभं केलं.

"काय खाल्लंस?"

"काही नाही गं."

"मग हे आले कुठून? चॉकलेट? तळलेलं? तोंड तरी धड धुतेस का?"

"तीनदा धुते."

"पाचदा धू. मळच असतो तो."

मावशी म्हणाली, अंगातली उष्णता. आत्या म्हणाली, पोट साफ नसणार. बाप इस्त्री फिरवता फिरवता म्हणाला, कुणीतरी मनात भरलं असेल. त्यावर मायलेकींनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने पुढचे चार शर्ट मान वर केली नाही. गोडाचा डबा वरच्या फळीवर गेला. बटण तोंड घासघास घासायची आणि लालबुंद गाल घेऊन आतल्या खोलीत बसायची. काउंटरमागचं उंच स्टूल ही तिची लहानपणापासूनची हक्काची जागा, पण आता ती तिकडे फिरकत नव्हती.

आईची तपासणी रोजचीच झाली. शेवटी एका संध्याकाळी बटण म्हणाली,

"हो, खाल्लं. मैत्रीण देते चॉकलेट. रोज खाते."

आईचा जीव भांड्यात पडला. डाग कशाचा ते कळलं की तो अर्धा गेलाच, हे तिचं ठरलेलं वाक्य. तिने बटणाचं मैत्रिणीकडे जाणं बंद केलं आणि वाट बघत बसली. मुरूम मात्र जागचे हलले नाहीत.

अशातच पलीकडच्या दवाखान्यातल्या कातडीच्या डॉक्टरबाई एक पांढरा झगा घेऊन आल्या. त्यावर पिवळे ठिपके उठले होते.

"काय सांडलं म्हणून विचारू नका हं. कपाटातून बाहेरच काढला नव्हता."

"नाही विचारत," आई ठिपक्यांवरून बोट फिरवत म्हणाली. "हे सांडल्याने होतच नाही. कापडातूनच उमटतं."

तेवढ्यात बटण हँगर ठेवायला बाहेर आली. डॉक्टरबाईंनी तिच्याकडे पाहिलं.

"एवढं घासतेस कशाला गं चेहरा?"

"मळ जायला नको?" उत्तर आईनेच दिलं. "वर चॉकलेटं खाते."

"मळाने नाही येत हो मुरूम. एखाददुसऱ्या चॉकलेटनेही असा चेहरा होत नाही. या वयात कातडीतल्या तेलाच्या ग्रंथी जोरात कामाला लागतात, छिद्रं बुजतात. घासलं तर आणखी चिडतं. हलक्या हाताने दोनदा धू, बाळा. आणि दवाखान्यात ये, औषध आहे त्यावर."

डॉक्टरबाई गेल्या. झगा आईच्या हातातच राहिला.

"आणि मग ते चॉकलेट?"

"खाल्लंच नव्हतं."

"अगं, मग कबूल कशाला केलंस?"

"कबूल केल्याशिवाय तू कुणाला सोडतेस का?"

आईला फार वाईट वाटलं. तिने झग्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. मग स्टुलावर चढून गोडाचा डबा खाली काढला.

"मैत्रिणीकडे जाऊन ये," ती म्हणाली. "हा घेऊन जा."

आठवड्याने सलूनवाले काका कधीचा राहिलेला शर्ट न्यायला आले, तेव्हा स्टुलावर बटण बसली होती. तिने पुडकं काढलं ते थेट नाकापर्यंत उचलून धरलं, पण काकांचा जन्म लोकांचे चेहरे बघण्यात गेलेला.

"काय गं बटण, हे काय झालं तोंडाला? तळलेलं फार हाणतेस वाटतं?"

बटणाने सवयीने आईकडे पाहिलं.

"काही सांडलेलं नाही, काका," आई म्हणाली.

आईने पुढची बाही दिव्याखाली ओढली. बटणाने पुडकं तोंडासमोरून खाली घेतलं आणि काकांच्या पुढे सरकवलं.

"कॉफी पूर्ण गेली बरं का काका," ती म्हणाली.