मागच्या बाकड्याची रीत

“पाळकसाहेब, मोशेच्या नियमशास्त्रात दोन तऱ्हेच्या सुतांचं कापड घालायला मनाई हाय. मग तुमचा शर्ट टेरीकॉटचा कावून?”

नेकनूरच्या छोट्याशा चर्चमध्ये दृढीकरणाचा, म्हणजे लहानपणीचा बाप्तिस्मा मोठेपणी पक्का करण्याचा, वर्ग चालला होता, आणि प्रश्न ज्योत्स्नाचा होता. मागे तेजश्री तोंडात ओढणी कोंबून हसू दाबत होती. हे विचारून दाखवायची पैज तिनेच लावली होती. पण खरा प्रश्न पुढेच होता, आणि ज्योत्स्ना आज तो गिळणार नव्हती.

“त्याच शास्त्रात पाळीतल्या बाईला अशुद्ध म्हणलंय. टेरीकॉट सुटलं, मग आमी कावून सुटलो न्हाई? त्या दिवसांत प्रभुभोजनाची भाकर आन प्याला आला की बायांनी मागच्या बाकड्यावर बसायचं, हे कुणी सांगितलं?”

सुंदरराव पाळक शर्टाकडे बघून हसले. मग मनापासून समजावू लागले. “पोरी, देवानं इस्राएलांना आधी गुलामीतून सोडवलं, आन मग आज्ञा दिल्या. सुटलेल्यानं परत गुलाम होऊ नये, दुसऱ्याला करू नये, म्हणून. नियमशास्त्र म्हंजी लेकराचं बोट धरून शाळेपर्यंत नेणारं माणूस. ख्रिस्तापाशी पोचवलं, त्याचं काम झालं. पुढं नवा करार.”

“मग मागचं बाकडं?”

पाळकसाहेबांनी चष्मा पुसला. “ती बायांची रीत हाय. त्यात मी पडत न्हाई.”

तेजश्रीने कबूल केल्याप्रमाणे वडापाव खाऊ घातला, पण ज्योत्स्नाच्या घशाखाली तो उतरेना. याच गावच्या बाया उसाच्या फडात पाळीतही मोळ्या उचलतात. तिथे त्यांना कुणी मागे बसवत नाही. विटाळ आठवतो तो फक्त देवाच्या दारात!

दृढीकरण रविवारी होतं. बिशपसाहेब तीन वर्षांनी येणार होते. त्यांनी डोक्यावर हात ठेवायचा, मग पहिलं प्रभुभोजन. आणि शनिवारी दुपारीच ज्योत्स्नाचं पोट दुखू लागलं. मोरीत भिजत घातलेली सलवार बघून तिची आई वनमालाबाई समजल्या.

“उद्या मागं बस. पोट बिघडलंय म्हणून सांगते मी.”

“आन माझं दृढीकरण?”

“परत येतील की बिशपसाहेब,” बाप समाधान उद्याच्या जेवणाचे तांदूळ निवडत म्हणाला. “मी मंडळीचा सेक्रेटरी. माझ्याच घरानं रीत मोडली तर लोकांना काय तोंड दावू?”

“म्हंजी खोटं बोलायचं. नववी आज्ञा आपल्या घराला लागू न्हाई का?”

आईचे कणीक मळणारे हात थांबले. “लई शिकलीस. तुझ्या बाप्तिस्म्याला मी कुठं होते, इचार बापाला. मागच्या बाकड्यावर. पाळी आलेली, आन प्रभुभोजनाचाच रविवार. तुझ्या डोक्यावर पाणी पडलं, तू रडलीस, आन मला उठून तुला घेता आलं न्हाई.”

बापाची बोटं तांदळातच राहिली.

ज्योत्स्नाचा आवाज खाली आला नाही. “आई, बारा वर्षं रक्त जात होतं बायबलातल्या त्या बाईचं. गर्दीतून येऊन तिनं येशूच्या कपड्याला हात लावला. त्यानं तिला मागं बस म्हणलं न्हाई, ‘मुली’ म्हणून हाक मारली. आन उद्याचा प्याला तर त्याच्या रक्तातल्याच कराराचा हाय.”

ती दोघांसमोर येऊन उभी राहिली.

“मी उद्या पुढं जाणार. गुडघे टेकणार, प्याला घेणार. पोट बिघडलंय आसं कुणी सांगायचं न्हाई. मला पाळी आलीय. बिशपसाहेबांनी इचारलं तर सांगंन, न्हाई इचारलं तरी सांगंन.”