हिरवा ठिपका

रफिकच्या खानावळीपुढचं गाड्या चार्ज करायचं मशीन चार महिन्यांपूर्वीच बंद पडलं होतं. फोनच्या नकाशावर मात्र ते रोज चालू असायचं, आणि रोज ते चालू करणारा दुसरा कुणी नाही, रफिकच.

माणगावहून श्रीवर्धनला येताना म्हसळ्याच्या अलीकडे त्याची खानावळ. कुवेतला बावीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्यावर त्यानं ती टाकली. कंपनीनं अंगणात मशीन बसवलं तेव्हा श्रीवर्धनची अख्खी जमात बिर्याणीला आली होती. तेव्हापासून गावात तो ‘चार्जिंगवाला रफिक’ झाला आणि त्यालाही ते गोड वाटायचं, खोटं कशाला बोला. जावयाला, हुझैफाला, तर त्यानं मागे लागून विजेवरची गाडी घ्यायला लावली. “सासऱ्याच्या दारात मशीन हाय, तुला कसली काळजी?”

पावसात मशीनच्या गनच्या, म्हणजे गाडीत खोचायच्या टोकाच्या, पिना जळाल्या. कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला, “पार्ट येईल. तोवर अ‍ॅपवर ‘चालू’ दाबत राहा. लाल झालं की साहेब मशीन उचलून नेतील.” मशीन गेलं तर चार्जिंगवाला कसला? मग रोज सकाळी फज्रची नमाज झाली की अ‍ॅप विचारायचं, मशीन चालू आहे का, आणि रफिक अंगठा टेकवायचा. नकाशावर हिरवा ठिपका.

तो ठिपका पाहून समुद्रावर निघालेले लोक यायचे आणि अडकायचे. रफिक त्यांची गाडी भिंतीतल्या साध्या प्लगला लावून द्यायचा. त्याला लागायचे पाच-सहा तास. तोवर माणूस उपाशी थोडाच बसणार? सुरमईचं ताट घ्यायचा. कुणी चिडलं की रफिकचं वाक्य तयार असायचं, “आत्ताच बंद पडलं बघा, सकाळी चालू होतं.” समुद्र काय पळून जातोय, उद्या बघतील, अशी तो मनाची समजूत घालायचा.

रविवारी पहाटे श्रीवर्धनच्या घरी त्याची बायको आतिफा गेली. छातीत कळ आली म्हणाली, पाणी मागितलं, आणि तो पाणी आणेपर्यंत सगळं संपलं. घड्याळात सहा वाजून दहा झाले होते. धाकटा भाऊ शारिक शेजारच्या घरातून धावत आला आणि त्यानंच सगळ्यांना फोन लावले. दफन दुपारी, जोहरच्या नमाजनंतर ठरलं.

एकुलती एक लेक नूरैन पनवेलला. “अब्बा, मी येईपर्यंत अम्मीला नेऊ नका. मला तोंड बघायचंय तिचं.”

“ये बेटा. थांबतो,” रफिकनं शब्द दिला. गाडी किती चार्ज आहे, हे विचारायचं त्याला सुचलं नाही.

साडेबाराला तिचा फोन आला. आवाज तुटत होता.

“अब्बा, खानावळीपाशी आहे. मशीन लागत नाही. कुठं बटण आहे का? गाडीत दोनच टक्के राहिलेत.”

रफिक फोन घेऊन कोपऱ्यात सरकला. तो हळूच म्हणाला, “कुणाच्या तरी गाडीत बस. हात दाखव.” पुढं ती काहीतरी विचारत होती, तेवढ्यात रेंज गेली.

अंगणात माणसं उभी होती. शारिकनं विचारलं, “भाई, नूरैन कुठवर आली?”

“आपल्या खानावळीपाशी.”

“गाडी बंद पडली काय?”

चाळीस-पन्नास चेहरे त्याच्याकडे बघत होते. यातल्या प्रत्येकानं त्या मशीनच्या नावाची बिर्याणी खाल्ली होती.

“न्हाय. चार्जिंगला लावलीय.”

“मग काय, घरचंच मशीन! अर्ध्या तासात येते.”

शेजारचा विनेश कोळी मासळीच्या टेम्पोची चावी हातात घेऊनच उभा होता. “रफिकभाय, जाऊन घेऊन येऊ काय तिला? टाइम न्हाय लागायचा.”

“नको रे. येईल ती.”

हे तोंडातून गेलं आणि त्याला स्वतःची किळस आली. विनेशला हाक मारून परत बोलवायला किती वेळ लागला असता? दोन शब्द. ते त्याच्या तोंडून निघाले नाहीत. तो नुसता रस्त्याकडे बघत राहिला.

जोहर झाली. त्याच्या शब्दाखातर लोक सव्वादोनपर्यंत थांबले. मग शारिकच म्हणाला, “भाई, मय्यत किती थांबवायची? बरं न्हाय ते.” रफिकनं मान हलवली. आतिफाचा जनाजा उठला.

कबरीवर माती लोटून रफिक परतला तेव्हा नूरैन घरी होती. हात दाखवून एकही गाडी थांबली नाही, शेवटी एसटीतून, उभ्यानं आली होती. हुझैफा गाडीपाशी थांबला होता. आतिफाच्या रिकाम्या पलंगाच्या कडेला ती बसली होती आणि रडत नव्हती. बापाला बघून तिनं फोन पुढं केला.

“माणगावात तीन मशीनं होती, अब्बा. एक बंद. एकाची गन जुनी, आमच्या गाडीला बसेना. तिसऱ्याला रांग होती, पण तासाभरात नंबर लागला असता. हुझैफा म्हणत होता, थांबू. मीच म्हटलं, कशाला थांबायचं, आपल्या अब्बाचं हिरवं दिसतंय. खाली वाचा.”

रफिकनं वाचलं. ‘मशीन चालू. आज सकाळी ६:४० वाजता तपासले – रफिक.’

“अम्मी किती वाजता गेली?”

सकाळी शारिक दारातून लोकांना फोन करत होता, याच पलंगाच्या कडेला रफिक बसला होता, आतिफाचं तोंड अजून झाकलेलं नव्हतं. हातातला फोन वाजला, रोजचा प्रश्न आला, आणि अंगठा आपला आपण गेला. हे त्याला आत्ता, त्या आकड्याकडे बघताना आठवलं. काहीतरी वेगळी वेळ सांगावी असं एकदा मनात येऊन गेलं.

“सहा-दहाला,” तो म्हणाला.

नूरैननं त्याच्या हातातून फोन काढून घेतला. आतल्या खोलीत गेली आणि तिनं आतून कडी लावली.