हनुमानच्या मागचं नाव

मी रागीट माणूस आहे, हे आधीच सांगून ठेवतो. सिद्धेश्वर धरणाच्या काठाला आमचं गाव. चाळीस मेंढरं, बारा शेळ्या आन् बायको बनाबाई, एवढा माझा पसारा. बनाबाई म्हणते, तुमचा राग मेंढरांनाबी कळतो. कळू दे. पण त्या दिवशी वसमतच्या बँकेत मला जो राग आला, तो काढावा कोणावर तेच कळंना.

गोष्ट हनुमानची हाय. हनुमान माझं लेकरू. तसं बराबर बोलायचं तर माझ्या बहिणीचं, लखमाचं. लखमा कुरुंद्याला दिलेली, रामप्रसाद टाल्याला. बाळंतपणातच तापानं गेली. तिचं तेरावं झालं आन् मी ते पोरगं घोंगडीत गुंडाळून घरी आणलं. रामप्रसादनं अडवलं न्हाई. पुढं त्यानं दुसरी केली, त्याला तिकडं एक पोरगी झाली, आन् इकडची वाट तो इसरून गेला. आमाला मूलबाळ न्हवतं. बनाबाईनं शेळीच्या दुधावर पोरगं वाढवलं.

शाळेत घालायला गेलो तवा गुरुजींनी इचारलं, "बापाचं नाव?" मी म्हणलं, "लिवा, संपतराव गडदे." त्यांनी लिवलं. झालं. दत्तकाचा कागद करावा असं माझ्या डोक्यातबी आलं न्हाई. आपल्या घरचं लेकरू, त्याला कागद कशाला? सव्वीस जानेवारीला माईकवर नाव पुकारलं, हनुमान संपतराव गडदे, पळण्यात पहिला. मी कुंपणाच्या भायेर मेंढरं घेऊन उभा होतो. काय सांगू, मला स्वतःला कधी कोणी असं माईकवर पुकारलं न्हवतं. त्याच्या मागून का होईना, माझं नाव साऱ्या गावानं ऐकलं.

मागच्या साली रामप्रसाद वारला. त्याची दुसरीकडची पोरगी, राजनंदिनी, स्वतः चालून आमच्या दारात आली. म्हणली, "मामा, दादाचा वाटा दादाला भेटला पाहिजे." चांगली पोरगी. वारसांची नोंद झाली, दोन एकर रान हनुमानला आलं. पण कुरुंद्यातल्या लोकांनी वारस म्हणून नाव सांगितलं ते त्यांच्या हिशेबानं. सातबाऱ्यावर चढलं, हनुमान रामप्रसाद टाले.

आमी तिकडं लक्ष दिलं न्हाई. रान भेटलं ना, मग बास. हनुमान अठ्ठावीस वर्षांचा गडी, हळदीच्या कामात तरबेज. त्याच्या मनात कधीचं होतं, हळद शिजवायचा बॉयलर घ्यावा. स्वतःची शिजवावी, हंगामात चार गावं फिरून लोकांचीबी शिजवून द्यावी. मशीन आन् रान तारण ठेवून बँक कर्ज देते म्हणून आमी दोघं वसमतला गेलो.

तिथं अपर्णा मॅडम म्हणून बाई होती. चष्मा, बारीक आवाज. ती खेकसली असती तर मीबी खेकसलो असतो आन् मोकळा झालो असतो. पण ती गोड बोलली.

"काका, आधार कार्डवर हनुमान संपतराव गडदे आहे. सातबाऱ्यावर हनुमान रामप्रसाद टाले. माणूस एकच आहे हे मला दिसतंय. पण तारणाची नोंद सरकारच्या रजिस्टरला करावी लागते, आणि त्या रजिस्टरला फक्त नाव दिसतं."

"मग लिवा की गडदे. साऱ्या तालुक्याला ठावं हाय."

"समजा लिहिलं. उद्या दुसरी एखादी बँक टाले नावानं शोधेल. त्यांना जमीन मोकळी दिसेल. ते तिच्यावर आणखी कर्ज देऊन बसतील. मग दोन बँका भांडतील आणि चकरा तुमचा मुलगा मारेल."

तुमचा मुलगा म्हणली ती. मला तेवढ्यावरच बरं वाटलं.

मी म्हणलं, "तर मग सातबाऱ्यावर गडदे करून घेऊ."

"ते होणार नाही काका. जमीन रामप्रसाद यांचा मुलगा म्हणून आली आहे. गडद्यांच्या मुलाला ती येईल कशी?" मग तिनं दमानं इचारलं, "दत्तकपत्र केलं होतं का तुम्ही?"

"न्हाई. केलं असतं तर?"

"तर हनुमान कायद्यानं तुमचा झाला असता. पण मग ही जमीन मिळाली नसती."

म्हणजे बघा. रान पाहिजे तर नाव सोडा, नाव पाहिजे तर रान सोडा. माझं डोकं असं सरकलं की टेबलावरचा तिचा पाण्याचा गिलास मीच पिऊन टाकला.

मॅडमनं एका कागदावर लिवून दिलं. राजपत्रात नाव बदलून टाले करायचं, नवीन आधार काढायचं, आन् माझं एक प्रतिज्ञापत्र. हनुमाननं तो कागद वाचला, घडी केली आन् म्हणला, "आबा, राहू द्या. मला बॉयलर नको."

मला हेच ऐकायचं होतं. खोटं काहून बोलू? जीव थंड झाला माझा. पण त्याच्या तोंडाकडं बघितलं. दोन वर्षांपासून हे पोरगं त्या मशीनच्या गोष्टी करून राहिलं. जेवताना तेच, झोपताना तेच. आन् मी म्हातारा, मला एका नावासाठी त्याच्या तोंडातला घास काढायचा होता का?

"काहून नको?" मी खेकसलो. "तुह्या नशिबाचं रान आलंय. नावानं काय पोट भरतं का रे? चल, टायपिंगवाला गाठ."

तहसीलसमोर टायपिंगवाल्यानं दहा मिनिटांत कागद काढला. मी चौथीपर्यंत शिकलेला. वाचता येत नसतं तर बरं झालं असतं. 'सदर हनुमान हा माझा मुलगा नसून माझ्या मयत बहिणीचा मुलगा आहे, असे मी सत्यप्रतिज्ञेवर कथन करतो.' अठ्ठावीस वर्षांत मला असं तोंडावर कोणी बोललं न्हवतं, आन् आता मीच बोलून राहिलो, तेबी शपथेवर. पहिल्या पानावर सही केली, दुसऱ्यावर पेन अडला. टायपिंगवाला म्हणला, काका, सही पहिल्यासारखी येऊ द्या. मी त्याला दोन शिव्या हासडल्या आन् सही केली.

घरी बनाबाईला सांगितलं. तिनं तव्यावरची भाकरी तेवढी करपवली.

मग दोन-अडीच महिने गेले. मेंढरं घेऊन धरणाच्या बाजूला गेलो की मी एकटाच मोठ्यानं म्हणायचो, हनुमान संपतराव गडदे. पुन्हा म्हणायचो. मेंढरं मान वर करून बघायची. हसा तुमी, पण जीव तुटायचा माझा. पोरगं घरातच होतं, आबा म्हणूनच हाक मारत होतं, तरी वाटायचं, कोणीतरी त्याला घोंगडीसकट उचलून कुरुंद्याला माघारी नेलं.

नवीन आधार आलं. पुन्हा बँकेत गेलो. मॅडमनं नोंद भरायला घेतली. भरून झाल्यावर कॉम्प्युटर आमच्याकडं फिरवला. "नीट वाचून घ्या. नावात चूक राहिली तर तारणाला अर्थ नाही."

कर्जदाराचं नाव, हनुमान रामप्रसाद टाले. गट नंबर बराबर. मशीनचा मॉडेल नंबर बराबर. मी वरून खाली वाचलं, माझं नाव कुठंच न्हवतं. असणार कसं? तरी हुडकलं.

"थांबा, एक राहिलं," मॅडम म्हणली. खाली एक रकाना रिकामा होता, कर्जदाराची इतर नावं. तिनं त्यात लिवलं, हनुमान संपतराव गडदे. "शाळेचा दाखला, जुने कागद सगळे या नावाचे आहेत. कोणी जुन्या नावानं शोधलं तरी हीच नोंद सापडली पाहिजे."

मी उगाच खाकरलो. "मॅडम, हे असंच ऱ्हाईल ना?"

"कर्ज फिटेपर्यंत राहील. पाच वर्षांचे हप्ते आहेत. फिटलं की बोजा उतरतो आणि नोंदही बंद होते."

"आन् हे खालचं नाव?"

"सगळीच नोंद, काका."

कर्ज मंजूर झालं. येताना एसटीत हनुमान खिडकीला बसला होता. मोबाइलवर बॉयलरचे फोटो बघून राहिला होता, चेहरा नुसता उजळलेला. मला म्हणला, "आबा, हिशेब केला मी. यंदा हळद बरी आली आन् चार गावांचं काम भेटलं, तर पाच वर्षं कशाला? तीन वर्षांत सारं कर्ज फेडून मोकळा होतो."

कोणत्याबी बापाची छाती फुगली असती. माझीबी फुगली. पण तोंडातून शाब्बास काही निघंना.

"घाई काहून करून राहिला रे?" मी म्हणलं. "बँकेनं पाच वर्षं दिलीत ना? सावकाश फेड."