तो कायदा नगरचा

"बाई, तात्यासाहेब यमीचं लगीन जमवायलेत, येळंतच आडवा," धुणंवाल्या भागूबाईनं सांगितलं, तेव्हा इंदुमतीनं पाळण्याला झोका देत ते उडवून लावलं होतं. चुलतसासऱ्यांची नात यमी, अकरा वर्षांची पोर, आणि कायदा काय झोपलाय?

पंधरवड्यात दारात मांडव पडला. तान्ह्या लेकीला कडेवर घेऊन ती चुलतसासऱ्यांपुढं उभी राहिली.

"तात्यासाहेब, हा गुन्हा आहे."

"सूनबाई, तो कायदा नगरचा, इंग्रजी मुलखाचा. तिकडचे लोक गोदावरी ओलांडून इकडंच लग्नं लावायचे. मी पंगती वाढल्यात!"

"अहो, तेव्हा निजाम होता! पोलीस अ‍ॅक्शन झाली. आता केंद्राचा कायदा नगरला तोच औरंगाबादला."

"दिल्लीचं दिल्लीत. आपलं सरकार हैदराबादला."

"राज्याचं सरकार वेगळं असलं तरी संसदेचा कायदा सगळ्या देशाला लागतो. कितीदा सांगू?"

"कालिजात लई शिकिवलं तुला," म्हणत त्यांनी वाजंत्र्यांना खूण केली. इंदुमतीचा नवरा फौजदाराला घेऊन येईस्तोवर अक्षता पडल्या होत्या. दंड होईल, पण लागलेलं लग्न कायद्यानंही मोडत नाही, असं फौजदारानं सांगितलं.

यमी आता करमाडला नांदते. जालना रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला इंदुमती विनवते, तशी तुम्हालाही: पाणी मागायच्या निमित्तानं त्या घरी थांबा, आणि पोर बरी आहे का, तेवढं बघून या.